माळावरची मोजणी

खडकमाळ, ता. पारनेर
गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोनाताईला अमृतचा नमस्कार. दाजींनाही नमस्कार, ते माझं नाव ऐकून घेत असतील तर. ओमच्या दोन्ही गालांना एकेक चिमटा.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करतो. दिवाळीआधी तू म्हणाली होतीस, "फोनवर तू थापा मारतोस आणि मला हसायला येतं, मग मी भांडायचं विसरते. जे काय असेल ते कागदावर लिही. कागदावर तुला खोटं जमत नाही, लगेच ऱ्हस्वदीर्घ चुकतं." मी हो म्हणालो. कागद आणला. पेन आणलं, ते विमलमावशींच्या शेळीनं चावलं. दुसरं आणायला फाट्यावर गेलो तर तिथं चादरी विकणारा एक जण सायकल उलटी करून बसलेला. त्याचं पंक्चर काढता काढता दुपार गेली आणि पेन राहिलं. रोज असं काहीतरी निघतं. खरं तर मीच काढत होतो.

तब्येत बरी आहे. खोकला होता, गेला. राहायला मी विमलमावशींच्या पडवीत असतो आणि जेवायलाही त्यांच्याकडेच. त्या आणि त्यांचे मालक रखमाजीबाबा, दोघंच इथं माळाच्या कडेला राहतात. मुलगा सम्राट चाकणला कंपनीत आहे. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात शेवगा. मावशींची बाजरीची भाकरी इतकी पातळ असते की मला आईची आठवण येते. आईची जाड असायची म्हणून.

माझं काम काय ते तुला अजून नीट सांगितलेलं नाही. दाजी लोकांना सांगतात, "आमचा मेव्हणा जंगलखात्यात लागला." लागलोबिगलो नाही. पुण्याच्या संस्कृती मॅडम पक्ष्यांचा अभ्यास करतात. मी टेम्पोवर क्लीनर होतो तेव्हा त्यांचं सामान सुप्यापर्यंत पोचवलं होतं. उतरताना मी म्हणालो, "त्या पलीकडच्या खांबावर बसलीय ती घार नाही." त्यांनी दुर्बीण लावली आणि मला विचारलं, "सध्या काय करतोस?" मी म्हणालो, "सध्या तर हेच." तेवढ्यावर काम मिळालं. आयटीआय अर्धं सोडलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तर दसरा झाला की इकडच्या माळांवर भोवत्या नावाचे पक्षी येतात. शिकारी जात, घारीच्या नात्यातलीच, पण अंगानं सडसडीत आणि पंख लांब. गवताच्या शेंड्यांवरून असे तरंगत जातात की आता टेकतील असं वाटतं आणि टेकत नाहीत. नर राखाडी-पांढरा, मादी तपकिरी. कझाकस्तानकडून येतात, मधे किती देश लागतात ते मॅडमना विचार. दिवसभर पांगून नाकतोडे खातात आणि सूर्य बुडायच्या वेळी एकाच ठरलेल्या गवतात उतरतात. झाडावर नाही गं, जमिनीवर झोपतात. प्रत्येकाची गवतात आपापली दबलेली जागा असते. मी तीन पायांवर दुर्बीण लावून दगडावर बसायचं आणि उतरणारे मोजायचे. गंमत अशी की कुत्रं भुंकलं की सगळे परत उठतात, परत उतरतात, आणि आपण एकालाच दोनदा धरतो. डोकं फिरतं. काल संध्याकाळी एकतीस मिळाले, बत्तिसावा मला अजून संशयाचा वाटतो.

त्यांचं हे गवत रखमाजीबाबांच्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे, हा सगळा माळ गायरान, सरकारचा. बाबांच्या वडिलांनी यातल्या एका तुकड्यातले धोंडे वेचून बाजरी केली, तेव्हापासून तो तुकडा हेच कसतात. वरच्या अंगाचा गवताचा पट्टा उन्हाळ्यात शेळ्यांसाठी राखतात. पण सातबाऱ्यावर नाव नाही. अर्ज केले, मोर्चाला जाऊन आले, नाव लागलं नाही.

हे तुला मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं त्याच्यावर आहे.

आल्या दिवशी मी फाट्यावर चहाला थांबलो. दुर्बिणीची पेटी बाकड्यावर, तिपाई खांद्याला. टपरीवाल्यानं विचारलं, "पाव्हणं, काय काम काढलं आमच्याकडं?"

मी म्हणालो, "मोजणीला आलोय."

"कुटली मोजनी?"

"माळाची."

म्हणजे मला म्हणायचं होतं माळावरच्या पक्ष्यांची. पण तेवढ्यात एसटी आली, दुधाच्या कॅनला धक्का लागला, सगळे तिकडं धावले, मीही धावलो. परत आलो तर टपरीवाला चहाचे पैसे घेईना. "ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणाला.

ताई, तू गावातली आहेस, तुला सांगायला नको. मोजणी म्हटलं की आपल्याकडं एकच मोजणी. भूकरमापक येतो, तिपाई लावतो, आणि मग बांध हलतात. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही, पण दुसऱ्या दिवशी. तेव्हा रखमाजीबाबांनी अंगण झाडून मधोमध प्लास्टिकची खुर्ची मांडली होती.

खुर्ची माझ्यासाठी. मी शिर्डीच्या हॉटेलात दोन वर्षं खुर्च्या पुसल्या. जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडली ती उभ्यानं. माझ्यासाठी कुणी खुर्ची पुसलेली मला आठवत नाही. बाबा म्हणाले, "बसा साहेब." आणि मी बसलो.

आता ऊन उतरलं, मोजायला जायची वेळ झाली. उरलेलं उद्या.


शुक्रवार, सकाळ

काल रात्री तुझा फोन येऊन गेलेला दिसला. इथं म्हसोबाच्या दगडावर उभं राहिल्याशिवाय रेंज येत नाही, हे खरं आहे. पण काल मी त्याच दगडावर उभा होतो, हेही खरं आहे.

बसलो, इथपर्यंत लिहिलं होतं. पुढं गावभर झालं. इकडून तिकडून लोक यायला लागले. गहिनीनाथ तात्या म्हणून इथले मोठे बागायतदार आहेत, डाळिंब, दोन ट्रॅक्टर, बोलायला गोड. माळाला लागून त्यांचं शेत आहे. ते पेढे घेऊन आले. माझ्या दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "साहेब, हिच्यात आमचा बांध जरा ऐसपैस दिसू द्या म्हंजे झालं." सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा सांगता आलं असतं, तात्या, यात फक्त पाखरं दिसतात. पेढा तोंडात होता.

मग एका सकाळी रखमाजीबाबा माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. बराच वेळ काडीनं माती उकरत होते. म्हणाले, "साहेब, येक इचारू का? वरचं गवत ठिवू का नांगरून टाकू? मोजनीत पडीक लागलं तर जातंय म्हनत्यात हातचं. नांगर सांगून ठिवलाय मी."

ताई, त्या गवतात आदल्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पंचविसाच्या वर पक्षी मोजले होते. मॅडम फोनवर ओरडल्याच होत्या आनंदानं. या टापूतलं एवढं मोठं झोपायचं ठिकाण दुसरं कुठं सापडलेलं नाही, म्हणाल्या. माझं नाव त्यांच्या अहवालात घालणार म्हणाल्या.

मी बाबांना म्हणालो, "ठेवा गवत."

"मोजनीत चालंल न्हवं?"

"चालेल."

झालं. हे लिहायला मला महिना लागला. बाकी सगळं लोकांनी समजून घेतलं आणि मी खोडलं नाही, असं तरी म्हणता येईल. हे मात्र मी बोललो. साहेब म्हणून विचारलं आणि साहेब म्हणूनच उत्तर दिलं. बाबांनी नांगरवाल्याला परत पाठवलं.

आणि भाऊबीज. मॅडमनी सुट्टी दिली नाही असं तुला सांगितलं ना, दोन दिवसांची दिली होती. पिशवी भरून मी फाट्यावर उभा होतो. पिशवीत ओमला आणलेली गाडीपण होती. एसटी समोर आली आणि मागून ट्रॅक्टर गेला, गहिनीनाथ तात्यांचा, नांगर जोडलेला, माळाच्या दिशेनं. सणाच्या दिवशी नांगर! मी एसटी सोडली आणि पळत वर आलो. तात्या आपल्याच शेताच्या कडेनं फिरवत होते. मला बघून म्हणाले, "आवं साहेब, बहिनीकडं न्हाई गेला? आज काय न्हाई करत, सण हाय. बघतोय नुसतं."

काय बघत होते ते या सोमवारी कळलं. त्यांनी गवताच्या आत नांगराची पाच-सहा तासं मारली आहेत. तिरकी, लांबच्या लांब, गवत मुळासकट उलटं पडलेलं. बाबा आडवे गेले, तर तात्या गोडीत म्हणाले, "रखमाजी, गायरान हाय, कुनाच्या बापाचं न्हाई. तू कुटं काय केलंय तितं? गवत म्हंजी मोकळं. मोजनीला जे नांगराखाली दिसंल ते नांगरनाऱ्याचं." उरलेलं शनिवारी ओढणार म्हणाले.

म्हणजे उद्या. उद्याच मॅडम पण यायच्या आहेत.

बाबा माझ्याकडं आले नाहीत गं जाब विचारायला. रोज माझी खुर्ची मांडतात. वाट बघतात, की साहेब काहीतरी करतील. साहेबांना जेवण उतरत नाही आणि मावशी विचारतात, भाकरी कडक झाली का?

आत्ता शेळ्या सोडायचा आवाज आला. दोघंही अंगणात आहेत. मी आत्ताच जातो. मधे कुणी पंक्चर झालेलं भेटलं तरी थांबत नाही.


शनिवार, सकाळ

हाताला फोड आलेत, अक्षर समजून घे.

काल गेलो तो सरळ अंगणात. म्हणालो, "बाबा, मला एक सांगायचंय."

"सांगा की साहेब."

"मी साहेब नाही."

"आता आसं कसं. बारकं का आसंना, साहेबच की."

"मी जमीन मोजायला आलो नाही. मी घारी मोजतो."

मावशींनी शेळीचं दावं हातातच धरलं. "काय मोजतू?"

"घारी. म्हणजे भोवत्या. संध्याकाळी वरच्या गवतात झोपायला येतात त्या."

"का? हरवल्यात का कुनाच्या?"

मी सांगायला लागलो, कझाकस्तान, गवत, नाकतोडे. मावशींना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं बया, म्हैनाभर खुर्ची टाकतोय आमी, आन् ह्यो घारी मोजतोय!" मग त्यांचं हसू मधेच थांबलं. "मंग गवत ठिवा म्हनून कशापायी सांगितलं?"

"त्या तिथं झोपतात म्हणून."

एक करडू येऊन माझ्या चपलेचा अंगठा चघळायला लागलं, मी त्याला हटवलंही नाही. बाबा खुर्चीकडं बघत होते. मला वाटलं आता उचलून मारतील, आणि मारली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी चार दिस इचार केला हुता. नांगर सांगितला हुता. तुमी म्हनला, म्हून माघारी धाडला." मग माझ्याकडं न बघता, "आता कोनाला इचारायचं?"

ताई, हे वाक्य मी रात्रभर ऐकलं.

मावशी उठल्या. "कोनाला इचारायचं न्हाई. उठा तुमी. आन् तू बी ऊठ, घारीवाल्या. पहार घे."

बाबा म्हणाले, आता आपणच नांगरून टाकू, शेजाऱ्याची बैलजोडी मिळेल. मी मान खाली घातली. नको म्हणायचं तोंड मला कुठं उरलं होतं? पण मावशीच म्हणाल्या, "नांगरून काय करता? चैतात शेळ्या काय धोंडं खात्याल? गवत हेच आपलं पीक. पिकाला बांध घाला."

मग आम्ही तिघं वर गेलो आणि तात्यांच्या तासांवरच दगड रचायला लागलो. माळावर दगडाला तोटा नाही. पहारीनं उकरायचे, लोटत न्यायचे, बसवायचे. बाबा दगड हातात घेऊन फिरवून बघतात, त्याचं तोंड कुठं आहे ते, आणि मग एकदाच ठेवतात. मी ठेवलेले चार वेळा काढले त्यांनी. "आसं न्हाई, ह्ये बसलं पायजे. नुसतं ठिवून बांध हुत न्हाई." एवढंच बोलले दिवसभर माझ्याशी. मावशींनी मात्र सोडलं नाही. मोठा दगड आला की, "ह्यो घे, ह्यो तुझ्या कजाकातून आलाय." आणि पाणी प्यायला थांबलो की, "दमला का साहेब? खुर्ची आनू का?"

सूर्य खाली गेला तरी गुडघाभर बांधाचं टोक जुळलं नव्हतं. पक्षी आले. मी वर बघितलं, आठ-दहा एकदम, मग आणखी. खाली आम्ही तिघं, पहारीचा आवाज. ते उतरेनात. गवतावरून गोल फिरत राहिले, लांब जाऊन परत येत राहिले. अंधारात किती उतरले आणि किती दुसरीकडं गेले, मला माहीत नाही. दुर्बीण पेटीतच होती. महिन्याभरात काल पहिल्यांदा मी मोजलं नाही. मॅडमना काय सांगू? त्या ठिकाणाहून पक्ष्यांना मीच उठवलं म्हणून सांगू? आज संध्याकाळी परत येतील की एकदा घाबरले म्हणजे घाबरलेच, हे मॅडमनाच ठाऊक. मला विचारायची भीती वाटते.

आज उजाडायला तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. बांध बघून खाली उतरले. बाबा बांधावर बसलेले, मी उभा.

"साहेब, ह्ये तुमच्यासमोर झालं?"

"माझ्याच हातानं झालं, तात्या. आणि मी साहेब नाही."

तात्या हसले. खांद्यावर हात ठेवला माझ्या. "मला बी म्हाईत हाय की, बाळा. बुधवारीच तालुक्याला जाऊन इचारून आलो. तितं म्हनत्यात, आमी कोनाला धाडलंच न्हाई." पेढे देताना जसे हसले होते तसेच हसत होते. "म्हनलं, मग कोन मोजतंय आमचा माळ, जरा बघा की येऊन."

आणि ट्रॅक्टर बांधाशी आणून उभा केला. इंजिन चालू ठेवूनच बसले आहेत. दगडांना अजून लावला नाही, पण हलतही नाहीत. इंजिनाचा आवाज इथपर्यंत येतोय. मावशी ट्रॅक्टरच्या पुढ्यात शेळ्या घेऊन बसल्या आहेत आणि आरामात मिसरी लावताहेत. बाबा पाणी न्यायला घरी आले, त्यांच्यामागं मीही आलो, आणि हात धुऊन पडवीत हे लिहायला बसलो. लिहायला बसलो म्हणजे काय ते तुला कळलंच असेल. लपलोय.

थांब. गाडी वाजली. मॅडम असतील, पण त्या तर जीपनं येतात. ही स्कूटी आहे.

ताई, मॅडम नाहीत. कुणीतरी बाई आहे, तिशीची असेल, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पायाशी यंत्राची पेटी, पाठीला पिवळी काठी. गळ्यात सरकारी ओळखपत्र. खरी मोजणीवाली आली आहे, सुट्टीच्या शनिवारीसुद्धा. एकटी. अंगणात उभी राहून बाबांना विचारतेय, मला सगळं ऐकू येतंय:

"इथं मोजणी करतोय म्हणून सांगणारा माणूस कोण आहे? कुठं आहे तो? ऑफिसातून नाव घेऊन यायला सांगितलंय."

इंजिन बंद झालं. तात्या येत असणार. बाबांनी नुसतं पडवीकडं बोट केलं तरी पुरे आहे, आणि त्यांनी का करू नये? मी त्यांच्या जागी असतो तर केलं असतं.

बाबा म्हणताहेत, "मोजनीवाला कोन न्हाई, बाई. पोरगं हाय आमच्यात येक. घारी मोजतंय."

बाई म्हणाली, "काय मोजतंय?"

"घारी. सांजच्याला. म्हैना झाला, रोज त्या गवताकडंच बघत बसतंय. तितं कोनाच्या शेळ्या चरत्यात, कोन गवत राखतंय, कोनी कवा नांगर घातला, समदं त्याला म्हाईत. आमचं आयकू नका, त्याला इचारा."

ताई, ते मला पुढं करताहेत. वाचवायला की उभं करायला, मला कळत नाही, आणि दोन्हीतलं काहीही असलं तरी जायला पाहिजे. माझ्या एका शब्दानं ही बाई इथवर आली. दुसऱ्या शब्दावर ती विश्वास ठेवेल का? मी घारी मोजतो म्हटल्यावर तीही मावशींसारखी हसेल. हसू दे. मग सोमवारची तासं दाखवतो तिला, आणि कालचे दगडही. ते आम्ही काल रचले हेसुद्धा सांगणार आहे.

बाबांनी आता दुसऱ्यांदा हाक मारली. "अमृत." एवढंच.

जातो.

तुझा
अमृत